रात्रीतून मान टाकलेलं लेदर कोरल : काय तपासायचं, काय करायचं, कधी थांबायचं

सकाळी घरच्या समुद्री मत्स्यालयाच्या टाकीचा दिवा लागतो आणि काल संध्याकाळपर्यंत छत्रीसारखं फुललेलं टोडस्टूल लेदर (कातड्यासारखं मऊ प्रवाळ) मान टाकून पडलेलं दिसतं. एकही पॉलिप (कोरलचं फुलासारखं बारीक तोंड) बाहेर नाही, देठ वाकलेला, वरची टोपी सुरकुतलेली. पोटात खड्डा पडतो, आणि हात आपोआप पाण्याकडे जातो. तो हात थोडा वेळ आवरा.

माझ्या पहिल्या टोडस्टूलच्या वेळी मी तो आवरला नाही. एकाच दिवसात त्याची जागा बदलली, अर्धी टाकी पाणी बदललं, आयोडीनच्या पाण्यात बुडवलं, वरून दोन बाटल्यांतली द्रव्यं ओतली. ते कोरल आजारी नव्हतंच, कात टाकत होतं. माझ्या उपचारांनंतर मात्र ते खरोखर बुडापासून सडलं आणि आठवड्यात गेलं. खाली लिहिलेला क्रम त्यानंतर बसवलेला आहे. तो मुख्यतः लेदर कोरलसाठी, म्हणजे सार्कोफायटन आणि सिन्युलारियासाठी आहे, पण बहुतेक सॉफ्ट कोरलना लागू पडतो.

आधी हा जीव कसा उभा राहतो ते

सॉफ्ट कोरलला दगडी कोरलसारखा चुन्याचा सांगाडा नसतो. मांसल शरीरात चुन्याचे बारीक काटे विखुरलेले असतात आणि बाकीचा उभारा आत भरून घेतलेल्या पाण्याच्या दाबावर असतो. प्रत्येक पॉलिपला पिसासारखे आठ शुंडक, म्हणजे सोंडेसारखे अवयव. काहीही खुपलं की हा जीव पाणी बाहेर टाकतो, पॉलिप आत ओढतो आणि आक्रसतो. म्हणून आक्रसलेलं कोरल पाहून लगेच काही ठरवता येत नाही. तापात माणूस अंग चोरून पडतो आणि थंडी वाजली तरी पडतो, तसंच हे.

पहिली पायरी : कात की सड?

लेदर कोरल अधूनमधून अंगावरचा पातळ थर टाकतं. त्या थराबरोबर बसलेली धूळ, शेवाळं, जिवाणू निघून जातात. कात टाकण्याआधी पॉलिप मिटतात, रंग मळकट होतो, वर मेण फासल्यासारखी चकाकी येते. मग तो थर कुठेकुठे सुटून लोंबायला लागतो. हे तीन-चार दिवसांत उरकतं, कधी दोन आठवडेही चालतं. या सगळ्या काळात देठ घट्ट असतो आणि बुडाची पकड सुटत नाही.

सड वेगळी दिसते. मांस एका जागी मऊ पडतं, तिथे पांढरट, तपकिरी किंवा काळा चिकट थर येतो, भोक पडतं, स्पर्श केला की तुकडा निघून येतो. बऱ्याचदा सुरुवात बुडाशी, जिथे देठ दगडाला चिकटलेला असतो आणि पाणी फिरत नाही, तिथे होते. वरून पाहणाऱ्याला ती दिसत नाही.

सर्वांत भरवशाची तपासणी नाकाची. औषधाच्या दुकानातून ५० मिलीची सिरिंज आणा, सुई न लावता. तिचं तोंड कोरलच्या बुडाशी नेऊन पाणी हळू ओढून घ्या, वाटीत काढा आणि वास घ्या. निरोगी लेदरला उग्र, समुद्राच्या काठावरच्या शेवाळासारखा वास असतोच, त्याला घाबरू नका. सडक्या अंड्याचा किंवा कुजक्या मासळीचा वास आला तर मात्र वेळ कमी आहे, थेट खालच्या 'कापण्याची वेळ' या भागाकडे जा.

वास नाही, देठ घट्ट आहे, वर चकाकी आहे? मग फक्त एक काम करा. जवळच्या वेव्हमेकरचा (टाकीत प्रवाह करणाऱ्या पंपाचा) झोत किंचित वळवून कोरलवरून पाणी जरा जास्त फिरू द्या, म्हणजे तो थर सुटायला मदत होईल. थेट झोत मारू नका. बोटाने थर सोलू नका. आणि वाट पाहा.

तिसरा प्रकारही लक्षात ठेवा : कोरल उघडं आहे, पण दिवसेंदिवस पांढुरकं होत चाललंय. त्याच्या पेशींतलं सूक्ष्म शैवाल, ज्याच्या अन्नावर ते बरंचसं जगतं, ते निघून जातंय. तिथे प्रश्न बहुधा उजेडाचा, तापमानाचा किंवा उपासमारीचा असतो.

दुसरी पायरी : टाकीत आणखी कोण कुरबुर करतंय?

यासाठी एकही किट लागत नाही, आणि निदान अर्धं इथेच होतं. खुर्ची ओढून टाकीसमोर पंधरा मिनिटं बसा.

फक्त हे एकच कोरल मिटलंय आणि बाकी सगळं फुललेलं आहे, तर कारण त्याच्या आसपास आहे : शेजारी, मासा, कीड, उजेड किंवा प्रवाह. पाणी बिघडलेलं असण्याची शक्यता कमी.

सगळी कोरल्स एकदम मिटली आहेत, पण मासे मजेत आहेत, तर क्षारता (पाण्यातल्या मिठाचं प्रमाण), अल्कलिनिटी (आम्ल झेलून पाण्याचा पीएच स्थिर ठेवण्याची ताकद) किंवा तापमान एकदम हललंय.

मासे पृष्ठभागाशी येऊन धापा टाकताहेत, तर ऑक्सिजन कमी आहे किंवा अमोनिया वाढलाय. रात्री वीज गेली होती का ते आधी आठवा.

मासे ठीक, पण गोगलगायी उलट्या पडल्या आहेत, कोळंबी दिसत नाही, कोरल्स मिटलीत : ही खूण मला सर्वांत जास्त भीती घालते. तांबं किंवा कीटकनाशक पाण्यात आलंय असं धरून चाला. तांब्याचं जे प्रमाण मासा सहज सोसतो, ते बिनकण्याच्या जिवांना मारतं. गेल्या तीन दिवसांत घरात पेस्ट कंट्रोल झालं का? कुणी टाकीजवळ झुरळांचा स्प्रे मारला का? माशांचं पांढऱ्या ठिपक्यांवरचं औषध टाकलं का? त्यातल्या कित्येक औषधांत तांबं असतं. चुंबकी क्लीनरचं आवरण फुटून आतलं लोखंड गंजलंय का, हीटरची काच तडकलीय का, तेही पाहा. तडकलेल्या हीटरला हात लावण्यापूर्वी प्लग काढायचाच.

घरातल्या सगळ्यांना विचारा, आणि रागावून विचारू नका. रागावलात तर खरं उत्तर मिळणार नाही, आणि तुम्हाला आत्ता खरं उत्तरच हवंय.

तिसरी पायरी : मोजमाप, आणि तेही याच क्रमाने

क्षारता पहिली. ३५ पीपीटी (हजार भागांत ३५ भाग मीठ), म्हणजे विशिष्ट गुरुत्व साधारण १.०२६, हे लक्ष्य. आपल्याकडे बिघाड बहुतेक वेळा इथेच सापडतो, कारण उन्हाळ्यात पाणी उडतं आणि मीठ मागे राहतं. टाकीत २०० लिटर पाणी असेल आणि १० लिटर उडालं, तर ३५ चा आकडा ३६.८ होतो. टाकीवर पंखा लावला असेल तर ते व्हायला फार दिवस लागत नाहीत. मग कुणीतरी घाईने दहा लिटर गोडं पाणी एकदम ओततं, आकडा काही मिनिटांत खाली येतो, आणि पाण्याच्या दाबावर उभा असलेला हा जीव कोसळतो.

पण आकड्यावर विश्वास ठेवण्याआधी रिफ्रॅक्टोमीटर, म्हणजे प्रकाश किती वाकतो त्यावरून क्षारता दाखवणारं उपकरण, तपासा. स्वस्तातली बरीच उपकरणं साध्या मिठाच्या द्रावणासाठी बनवलेली असतात. समुद्राच्या पाण्यात ती दीड पीपीटीपर्यंत चुकतात, आणि शुद्ध पाण्यावर शून्य जुळवून ही चूक पकडता येत नाही. ३५ पीपीटीचं प्रमाणित द्रावण विकत मिळतं. ते नसेल तर स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर ३६.५ ग्रॅम साधं मीठ आणि ९६३.५ ग्रॅम शुद्ध पाणी मोजून मिसळा. या द्रावणातून प्रकाश जितका वाकतो, तितकाच तो ३५ पीपीटी समुद्रजलातून वाकतो. म्हणून उपकरणाचा स्क्रू फिरवून काटा ३५ वर आणा. हे पाणी टाकीत घालायचं नाही, फक्त जुळवणीसाठी. क्षारता सुधारताना दिवसाला एक पीपीटीपेक्षा जास्त हलवू नका.

तापमान २४ ते २७ अंश सेल्सिअस. ३० च्या वर गेलं की सावध. टाकीवर लावलेला पंखा बाष्पीभवनाने पाणी थंड करतो, म्हणून नागपूर-पुण्याच्या कोरड्या मेमध्ये तो दोन-तीन अंश सहज खाली आणतो, पण मुंबई-रत्नागिरीच्या दमट हवेत तितका उपयोग होत नाही. तिथे खोलीचा एसी किंवा चिलर, म्हणजे पाणी थंड करणारं यंत्र. बर्फाचे खडे थेट टाकीत टाकू नका. फारच गरज पडली तर बंद बाटलीत गोठवलेलं पाणी तरंगत ठेवा आणि थर्मामीटरवर नजर ठेवा.

अमोनिया शून्य हवा. अल्कलिनिटी ७ ते ११ डीकेएच (अल्कलिनिटीचं एकक) यांच्या मध्ये कुठेही चालते, पण ती एका जागी स्थिर हवी. आठवरून अकरावर एका रात्रीत गेलेली टाकी सातवर स्थिर असलेल्या टाकीपेक्षा जास्त त्रास देते.

नायट्रेट आणि फॉस्फेट यांच्याबाबतीत एक गैरसमज आहे. शून्य म्हणजे उत्तम, असं समजून लोक फॉस्फेट शोषणारं माध्यम भरभरून टाकतात. सॉफ्ट कोरलना पाण्यात थोडं अन्न हवं असतं. नायट्रेट ५ ते २० आणि फॉस्फेट ०.०३ ते ०.१ पीपीएम (दहा लाख भागांत एक भाग) या दरम्यान लेदर सुखात राहतं. दोन्ही शून्य दाखवत असतील आणि कोरल फिकट होत असेल, तर ते माध्यम काढून टाका, माशांना थोडं जास्त खायला घाला आणि स्किमर (फेसातून घाण बाहेर काढणारं यंत्र) रात्री बंद ठेवून पाहा.

आता स्वयंपाकघरातल्या आरओबद्दल, कारण यात भली भली माणसं फसतात. घरगुती प्युरिफायर पिण्याच्या पाण्यासाठी बनवलेला असतो. त्यात चवीसाठी टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) कंट्रोलर असतो, जो थोडं न गाळलेलं पाणी परत मिसळतो. काहींत खनिजांचं कार्ट्रिज असतं, आणि अलीकडे पाण्यात मुद्दाम तांबं सोडणारी मॉडेल्स सर्रास मिळतात. आईवडिलांसाठी हौसेने नवा 'कॉपर'वाला प्युरिफायर घेतला आणि महिन्याभरात टाकीतल्या गोगलगायी मेल्या, असं होऊ शकतं. टॉप-अपचं, म्हणजे उडालेल्याच्या जागी घालायचं पाणी पाहताना टीडीएस मीटरवर आकडा शून्य हवा. त्यासाठी डीआय रेझिनचा, म्हणजे उरलेले क्षारही शोषणाऱ्या दाण्यांचा, वेगळा टप्पा लागतो. तांब्याच्या कळशीत किंवा पितळी भांड्यात साठवलेलं पाणीही टाकीला नको.

पहिले चोवीस तास

निदान पक्कं नसलं तरी तीन गोष्टी निर्धास्तपणे करता येतात, त्यांनी अपाय होत नाही.

एक, ताजा ॲक्टिव्हेटेड कार्बन. २०० लिटरला साधारण एक वाटी, शुद्ध पाण्यात धूळ निघेपर्यंत धुऊन, जाळीच्या पिशवीत, जिथून पाणी वाहतं तिथे ठेवा. कीटकनाशकांचे अंश आणि कोरलनी एकमेकांवर सोडलेली रसायनं तो शोषतो. तीन-चार दिवसांनी बदला. पण टाकीत महिनोन्‌महिने कार्बन नव्हता आणि पाणी पिवळसर झालेलं असेल, तर तो टाकताना दिव्याची तीव्रता वीसेक टक्के कमी करा. पाणी एकदम नितळ झालं की उजेड एकदम वाढतो आणि तोच नवा धक्का बसतो.

दोन, १० ते १५ टक्के पाणी बदला. नवं मीठपाणी आदल्या दिवशी कालवलेलं, तापमान आणि क्षारता टाकीशी जुळवलेली. विषाची शंका असेल तर दुसऱ्या, तिसऱ्या दिवशी पुन्हा तेवढंच बदला. तांब्याची शंका असेल तर एकटा कार्बन पुरत नाही, धातू शोषणारी खास रेझिन किंवा पॅड लागतात.

तीन, हवा आणि पाण्याची हालचाल वाढवा. पृष्ठभाग खळबळत राहू द्या. मात्र पेस्ट कंट्रोल नुकतंच झालं असेल तर एअर पंप बंद ठेवा, कारण तो खोलीतली हवाच पाण्यात ढकलतो. खिडक्या उघडा, खोली मोकळी करा, मग पंप लावा.

जागा बदलू नका. कोरलला खाऊ घालू नका. 'कोरल टॉनिक' म्हणून मिळणाऱ्या बाटल्यांना हात लावू नका.

एकटंच मिटलेलं असेल तर

आधी शेजार पाहा. सॉफ्ट कोरल्स टर्पीन जातीची रसायनं पाण्यात सोडून जागेसाठी भांडतात. लेदरजवळ दगडी कोरल किंवा दुसऱ्या जातीचं लेदर नव्याने ठेवलं असेल तर त्या नव्याला वीतभर तरी लांब सरकवा आणि कार्बन चालू ठेवा.

मग मासा पाहा. ॲनिमोन (क्लाउनफिशचं नेहमीचं घर असलेला समुद्री जीव) नसलेल्या टाकीत क्लाउनफिश लेदरलाच घर मानतो आणि दिवसभर अंग घासत राहतो. ते बघायला फार गोड वाटतं, पण छोट्या कोरलला ते सोसत नाही. बटरफ्लाय आणि काही एंजलफिश पॉलिप टिपून खातात. शंका असलेल्या माशाला दोन-तीन दिवस पारदर्शक जाळीच्या पेटीत ठेवा. पॉलिप उघडले तर उत्तर मिळालं.

दिवे बंद झाल्यावर दोन तासांनी लाल उजेडाची टॉर्च घेऊन बुडाशी आणि टोपीच्या खालच्या बाजूला पाहा. लेदर खाणाऱ्या समुद्री गोगलगायी, न्युडीब्रँक, रंगाने हुबेहूब कोरलसारख्या असतात आणि त्यांची अंडी वेटोळ्या पांढऱ्या फितीसारखी दिसतात. चिमट्याने काढा, अंडीही खरवडून काढा, आठवडाभर रोज रात्री पाहा. काटेरी ब्रिसल वर्म दिसला तर त्याला दोष देऊ नका. तो मेलेलं खायला येतो. तो एका जागी गर्दी करून बसला असेल तर तिथे सड आहे एवढं समजा.

दिवा नवा घेतलाय? लेदरला मध्यम उजेड पुरतो. नवी एलईडी चाळीस-पन्नास टक्क्यांवर सुरू करून तीन-चार आठवड्यांत वाढवायची.

कापण्याची वेळ

सड नक्की असेल तर थांबू नका, ती वर चढते. नवं सर्जिकल ब्लेड, हातमोजे, डोळ्यांवर चष्मा, प्लास्टिकचा पाट आणि टाकीच्याच पाण्याने भरलेल्या तीन वाट्या घ्या. कोरल दगडासकट बाहेर काढा. टाकीत कापू नका, कापल्यावर निघणारा रस बाकीच्यांना त्रास देतो.

सडलेल्या भागापासून निदान एक सेंटिमीटर आत, निरोगी मांसात एका झटक्यात कापा. कापलेला पृष्ठभाग सगळीकडे सारखा, घट्ट आणि मलईच्या रंगाचा दिसला पाहिजे. कुठे तपकिरी रेघ दिसली तर अजून आत कापा. इथे हात आखडला तर सगळं परत करावं लागतं. बूड सडलं असेल तर टोपी वाचवा, ती पुन्हा दगडाला धरते. टोपी सडली असेल तर ती उडवून घट्ट देठ ठेवा, देठाला काही महिन्यांत नवी टोपी येते. या जिवाची ही ताकद पहिल्यांदा पाहिली तेव्हा मी कितीतरी वेळ टाकीसमोरून हलले नव्हते.

कापलेला तुकडा पहिल्या वाटीत हलवून धुवा. दुसऱ्या वाटीत आयोडीन : ५ टक्क्यांचं ल्युगॉल द्रावण, एक लिटर टाकीच्या पाण्याला ५ थेंब, दहा मिनिटं. साबण मिसळलेलं हॉस्पिटलचं आयोडीन स्क्रब चुकूनही वापरू नका. तिसऱ्या वाटीत पुन्हा धुऊन मग टाकीत. आयोडीनचं पाणी टाकीत जाता कामा नये.

लेदरला सुपरग्लू धरत नाही, चिकट अंगावरून ते निसटतं. उथळ प्लास्टिकच्या डबीत दगडांचे तुकडे पसरा, त्यावर कोरल ठेवा आणि वरून मच्छरदाणीच्या जाळीचा तुकडा सैल ताणून बांधा. रबरबँड घट्ट लावला तर तोच मांसात रुततो. मध्यम प्रवाहात, कमी उजेडात ठेवा. दोन ते तीन आठवड्यांत ते दगड पकडतं.

झेनिया हे दुसरं सॉफ्ट कोरल मात्र याला अपवाद. ती विरघळायला लागली की एका दिवसात चिखल होते. शेंड्याचा एखादा निरोगी तुकडा मिळाला तर बाजूला काढा, बाकी सायफनने ओढून घ्या, नाहीतर अमोनिया वाढेल.

झोअँथिड असतील तर हे आधी वाचा

दुकानात सॉफ्ट कोरलच्या रांगेतच मिळणाऱ्या झोअँथिड आणि पॅलिथोआ या बटणांसारख्या जिवांमध्ये पॅलिटॉक्सिन हे अत्यंत जहाल विष असू शकतं. ते असलेला दगड उकळू नका, गरम पाण्यात टाकू नका, ब्रशने घासू नका. वाफेतून विष गेल्यामुळे अख्खं कुटुंब रुग्णालयात दाखल झाल्याच्या घटना परदेशात घडल्या आहेत. हातावर जखम असेल तर टाकीत हात घालू नका. काम केल्यावर तोंडाला कडू किंवा धातूसारखी चव, थंडी-ताप, धाप, स्नायू दुखणं असं काही जाणवलं तर लगेच रुग्णालय गाठा आणि डॉक्टरांना 'पॅलिटॉक्सिन' हा शब्द सांगा.

नंतरचे आठवडे

पहिल्या आठवड्यात फक्त देठ ताठ होतो. पॉलिप बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात, टोपीच्या कडेने, विरळ यायला लागतात. या काळात रोज एकाच वेळी, एकाच कोनातून फोटो काढा. डोळ्यांना न दिसणारा फरक फोटोंत दिसतो. दर दोन दिवसांनी सिरिंजने बुडाचा वास घेत राहा. नवा मासा, नवं कोरल, नवं उपकरण, काहीही महिनाभर आणू नका.

कापून काढलेला भाग किंवा टाकीतलं पाणी खाडीत, नाल्यात किंवा समुद्रात टाकू नका. व्हेनेझुएलाच्या किनाऱ्यावर मत्स्यालयाच्या व्यापारातून पोचलेलं युनोमिया नावाचं झेनियाच्या कुळातलं कोरल तिथल्या प्रवाळांवर पसरत चाललंय. तुकडे वाळवून कचऱ्यात द्या. तसंच मालवणला गेल्यावर समुद्रातून जिवंत तुकडा उचलून आणायचा विचारही नको. दगडी प्रवाळं आणि समुद्रपंखे यांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे. टाकीसाठी घ्यायचं ते टाकीत वाढवलेलंच, आणि बिलासकट.

कोरल पुरतं सावरलं, तीन-चार महिने नीट फुललं की टोपीच्या कडेचा रुपयाएवढा तुकडा कापा, वर सांगितलं तसाच रुजवा आणि ओळखीतल्या दुसऱ्या टाकीवाल्याला द्या. माझ्याकडे आज आहे ते टोडस्टूल तसंच परत आलेलं आहे. एका उन्हाळ्यात माझं मूळ कोरल गेलं, आणि मैत्रिणीने तिच्याकडे वाढलेल्या त्याच्याच तुकड्याचा तुकडा डब्यात घालून आणून दिला.